रांगत्या लेकराच्या उंचीवरून घर पाहा

माता रमाई आणि बाबासाहेब यांना पाच अपत्ये झाली. त्यांपैकी रमेश, गंगाधर, इंदू आणि राजरत्न ही चार लेकरे लहानपणीच गेली. राजरत्न गेला तो जुलै १९२६ मध्ये. यशवंतराव तेवढे जगले. ७ फेब्रुवारीला रमाई जयंतीच्या भाषणात आपण हे दर वर्षी ऐकतो आणि डोळे पुसतो.

त्या काळी लेकरे आजाराने जात. आज लस आहे, अंगणवाडी आहे, आशाताई दारात येते. पण सगळ्या लसी घेतलेले, वजनाने बरे असलेले लेकरू न्हाणीतल्या बादलीत तोंडावर पडते. चहाचे पातेले अंगावर ओढून घेते. पाण्याच्या बाटलीत ठेवलेले पेट्रोल पिते. या धोक्यांवर लस नाही. त्यांवर उपाय एकच, घराची मांडणी. आणि त्याला पैसा फार लागत नाही. एक सकाळ लागते आणि घरातल्या सगळ्यांचे हात लागतात.

खर्ड्याच्या तालुक्याने दाखवलेली वाट

हा लेख खर्ड्यासारख्या गावांतली आपली घरे डोळ्यासमोर ठेवून लिहिला आहे. खर्डा म्हटले की आपल्या समाजाला एप्रिल २०१४ आठवतो. गावातल्या आपल्या एका शिकणाऱ्या मुलाची हत्या झाली आणि ती जखम अजून ओली आहे. घराबाहेर आपली लेकरे सुरक्षित राहावीत यासाठीची लढाई मोठी आहे. ती कायद्याने आणि संघटनेने लढायची आहे. हा लेख मात्र उंबऱ्याच्या आतल्या सुरक्षिततेविषयी आहे, कारण ती आजच आपल्या हातात आहे.

खर्डा ज्या जामखेड तालुक्यात येतो, त्या तालुक्याने घराघरांतल्या आरोग्याविषयी एक मोठी गोष्ट देशाला दाखवली. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला ग्रामीण आरोग्याचे काम सुरू केले. त्यांनी गावातल्याच बायांना आरोग्यसेविका म्हणून शिकवले. त्यांत अनेक जणी दलित समाजातल्या होत्या आणि अनेकींनी शाळेचे तोंड पाहिलेले नव्हते. सुरुवातीला तिथल्या गावांत हजार बाळे जन्मली तर त्यांतली १७६ वर्षाच्या आत दगावत. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत हे प्रमाण ३० च्या खाली आले. डॉक्टर रोज प्रत्येक घरात जाऊ शकत नव्हते. ज्ञान मात्र घरात गेले आणि घरातल्या बाईने ते वापरले. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला, त्यामागे या बायांचे कष्टही होते.

म्हणून खाली जे सांगितले आहे ते आपल्याला जमणार नाही असे कोणी मानू नये.

आधी स्वतः रांगून पाहा

मोठा माणूस घर पाच फुटांवरून पाहतो. लेकरू ते एका फुटावरून पाहते. आपली घरे बहुतेक एका खोलीची. चूल, अंथरूण, पाण्याचे पिंप, शेतीची औषधे, सायकल, सगळे दहा बाय दहात. धोका जमिनीवर असतो आणि लेकरूही जमिनीवरच असते.

एका सकाळी आई-बापाने, आजी-आजोबांनी खरोखर गुडघ्यांवर बसून खोलीभर रांगावे. हसू येईल, येऊ द्या. हात पुढे करून काय काय हाती लागते ते पाहा. खाटेखाली काय आहे? भिंतीवरून काय लोंबते आहे? फळीवरचे काय ओढले की खाली येईल? चार्जरची वायर, पातेल्याचा दांडा, टेबलावरच्या कापडाचे टोक, या सगळ्या लेकराच्या दृष्टीने ओढायच्या दोऱ्याच आहेत.

बाळ चार-पाच महिन्यांचे झाले की पालथे पडते. सात-आठ महिन्यांचे झाले की रांगते. वर्षाच्या आसपास धरून उभे राहते आणि दीड-दोन वर्षांचे झाले की डब्यावर चढून फळीवरचे काढते. त्याला आज काय जमते ते पाहून थांबू नका, पुढच्या महिन्यात काय जमेल ते धरून घर लावा. बहुतेक अपघात "कालपर्यंत याला हे येत नव्हते" अशाच दिवशी होतात.

नियम साधा आहे. जे भाजते, कापते, विषारी आहे किंवा तोंडात मावते, ते मोठ्या माणसाच्या खांद्याच्या वर गेले पाहिजे. त्यासाठी भिंतीत दोन खुंट्या ठोका, एक उंच फळी लावा आणि एका जुन्या पत्र्याच्या पेटीला कुलूप घाला.

चूल, गरम पाणी आणि वंदनेची मेणबत्ती

लेकराची कातडी पातळ असते. मोठ्याला नुसते चटकणारे पाणी लेकराला खोल भाजते. कपात ओतून दहा-पंधरा मिनिटे झालेला चहासुद्धा तान्ह्या बाळाला भाजू शकतो.

चूल जमिनीवर असेल तर तिच्यापुढे विटांचा किंवा फळीचा गुडघाभर आडोसा करा. गॅस असेल तर शेगडी ओट्यावर ठेवा आणि पातेल्याचे दांडे भिंतीकडे वळवा. बाळाला मांडीवर किंवा कडेवर घेऊन चहा पिऊ नका आणि भाकरीही थापू नका. ज्या वेळी स्वयंपाक चालू असेल त्या वेळी लेकरू दुसऱ्या कोणाच्या तरी हाती द्या. तेवढा वेळ ते बापाचे काम आहे.

अंघोळीच्या बादलीत आधी गार पाणी, मग गरम. उलटे करू नका. बादलीत हीटरची रॉड लावली असेल तर ती बादली कधीही एकटी सोडू नका. त्यात उकळते पाणी आणि वीज असे दोन धोके एकाच जागी असतात.

आपल्या घरांत आणखी एक जागा असते. तथागत आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे आपण मेणबत्ती आणि अगरबत्ती लावतो. ही फळी पुष्कळ घरांत कमरेएवढ्या उंचीवर असते आणि काडेपेटी तिथेच पडलेली असते. वर पडदा किंवा निळे कापड लावलेले असते. फळी वर घ्या आणि कापड ज्योतीपासून दूर बांधा. वंदना संपली, घरातले माणूस बाहेर निघाले की मेणबत्ती विझवा. यात श्रद्धा कमी होत नाही.

वैशाख पौर्णिमेला आणि १४ एप्रिलला वस्तीत खीर आणि भोजन असते. मोठी पातेली उतरवून जमिनीवर ठेवतात आणि लेकरांची पळापळ चालू असते. उकळत्या पातेल्यात लेकरू पडले तर वाचणे कठीण असते. पातेल्याभोवती दोरी बांधा आणि दोन तरुणांना तिथे उभे करा. मंडळाने मिरवणुकीसाठी स्वयंसेवक नेमले असतात तसेच.

पाणी साठवणे आणि बुडणे

जामखेडचा भाग कमी पावसाचा. पाणी आले की आपण भरून ठेवतो. टिपाड, पिंप, हौद, रांजण, बादल्या, सगळे भरलेले असते. दोन-चार इंच पाण्यातही तान्हे लेकरू बुडू शकते. त्याचे डोके शरीराच्या मानाने जड असते. ते तोल जाऊन उलटे पडते आणि त्याला परत उठता येत नाही. बुडणारे लेकरू ओरडत नाही, पाण्याचा आवाजही फार होत नाही. दोन-तीन मिनिटे पुरतात.

पिंपाला झाकण लावा आणि त्यावर वजन ठेवा. जमिनीतल्या हौदाला पत्र्याचे किंवा लाकडाचे झाकण आणि कडी हवी. वापरून झालेली बादली लगेच उपडी घाला. न्हाणीला दार नसेल तर आडवी फळी लावा. लेकराला अंघोळ घालताना फोन वाजला, कोणी हाक मारली, तरी लेकराला घेऊनच उठा. वस्तीजवळ कठडा नसलेली विहीर किंवा शेततळे असेल तर ग्रामसभेत लेखी मागणी करा आणि तोवर वस्तीच्या बाजूने काटेरी कुंपण घाला.

बाटलीतले विष

कांदा, तूर, कापूस यांवर फवारायचे औषध, तणनाशक, उंदराचे औषध, फिनेल, ॲसिड, गाडीसाठी आणलेले पेट्रोल. घरात हे सगळे असते आणि पुष्कळदा पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत असते. लेकराला अक्षर येत नाही. त्याला बाटली ओळखता येते आणि त्या बाटलीत काल गोड सरबत होते एवढेच त्याला आठवते.

म्हणून खाण्यापिण्याच्या बाटलीत विष कधीच ओतू नका. शेतीचे औषध घराबाहेर, कुलपाच्या पेटीत ठेवा. औषधाचे रिकामे डबे पाणी भरायला किंवा खेळायला देऊ नका. फवारून आलेल्या माणसाने हातपाय धुवून, कपडे बदलूनच लेकराला घ्यावे, कारण काही औषधे कातडीतूनही शरीरात जातात.

आजीच्या रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्याही वर ठेवा. मोठ्याला बरे करणारी गोळी लेकराच्या जिवावर बेतू शकते. गोळी देताना "चॉकलेट आहे" असे कधी म्हणू नका.

घशात अडकणारे आणि गळ्याला आवळणारे

शेंगदाणा, फुटाणे, चिंचोका, बोराची बी, सुपारी, नाणे, गोटी, फुगा. वाढदिवसाला फुटलेल्या फुग्याचे तुकडे तिथल्या तिथे गोळा करा. चार-पाच वर्षांपर्यंत अख्खा शेंगदाणा देऊ नका, कूट करून द्या. खेळण्यातला किंवा घड्याळातला चपटा गोल सेल गिळला तर तो दोन तासांत अन्ननलिका जाळू लागतो. तेव्हा वाट न पाहता दवाखाना गाठावा.

नजर लागू नये म्हणून गळ्यात काळा दोरा आणि ताईत बांधणे आपण सोडले पाहिजे, हे बाबासाहेबांनी शिकवले. पण त्याजागी आपण निळ्या दोऱ्यात पदक घालून ते बाळाच्या गळ्यात बांधतो. दोरा खिळ्याला किंवा पाळण्याला अडकला तर फास बसतो, मग तो कोणत्याही रंगाचा असो. तान्ह्याच्या गळ्यात काहीच नको. पदक भिंतीवर लावा.

झोप आणि झोळी

तान्ह्या बाळाला नेहमी उताणे झोपवा. खाली सपाट अंथरूण हवे. उशी नको, तोंडावर गोधडी नको. दूध पाजताना बाईला झोप लागते, तो कष्टाचा परिणाम आहे. म्हणून शेजारच्या माणसाने बाळ उचलून बाजूला ठेवावे. दारू प्यायलेल्या माणसाशेजारी बाळ कधी झोपवू नका. त्याच्या अंगाखाली बाळ आले तरी त्याला जाग येत नाही. पंचशीलातले पाचवे शील पाळण्याचे हे एक साधे, रोजचे कारण आहे.

साडीची झोळी बांधली असेल तर गाठी रोज तपासा आणि झोळी जमिनीपासून फार उंच बांधू नका. भिंत आणि खांब हातभर तरी दूर हवेत. मोठ्या भावंडांना झोळीत घिरट्या घेऊ देऊ नका. साडीचा पीळ गळ्याभोवती बसून मुले दगावतात.

बाळाच्या डोळ्यांत काजळ नको, त्यात शिसे असू शकते. वर्षाच्या आत मध नको. नाकात, कानात तेल नको.

पत्र्याचे घर आणि वीज

पत्र्याच्या घरात उघडी वायर पत्र्याला घासली तर सबंध भिंतीत करंट उतरतो. मग लेकराने नुसता हात लावला तरी पुरे. वायर पाइपमधून न्या. कपडे वाळत घालायची तार आणि विजेची वायर एकमेकींपासून लांब ठेवा. खाली असलेल्या बोर्डाच्या भोकांवर पट्टी चिकटवा. चार्जर काम झाले की काढा, कारण बाळ त्याचे टोक तोंडात घालते. उन्हाळ्यात लोखंडी कूलरला अर्थिंग आहे का ते वायरमनकडून पाहून घ्या. करंट गळला की आपोआप वीज तोडणारा ब्रेकर मीटरजवळ बसवला तर एका खर्चात सगळ्या घराचे रक्षण होते.

विंचू आणि साप

बालाघाटच्या डोंगराकडेला दगडमातीच्या घरांत विंचू निघतातच. भिंतीच्या फटी लिंपून घ्या. सरपण आणि गोवऱ्या अंथरुणापासून दूर ठेवा. अंथरूण आणि कपडे झटकूनच वापरा. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि चावल्याची खूणही नीट दिसत नाही. लेकराला खाटेवर, मच्छरदाणीत झोपवा आणि मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली खोचा. सकाळी लेकराच्या पापण्या झुकल्या असतील, पोट दुखत असेल, गिळता येत नसेल, तर मण्यार असू शकते असे समजून निघा.

लाल विंचू चावल्यावर लेकराला दरदरून घाम येतो, उलट्या होतात, हातपाय गार पडतात. यावर महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या गोळीचा उपयोग शोधून दाखवला आणि असंख्य लेकरे वाचली. ती गोळी डॉक्टरांनीच द्यायची असते. मांत्रिकाकडे घालवलेला एक तास परत मिळत नाही.

ऊसतोडीला जाताना

दिवाळीनंतर आपल्यातली कित्येक कुटुंबे कोयता घेऊन कारखान्यावर जातात. कोपीत चूल आणि बाळ यांच्यात दोन हातांचे अंतर असते. कोपीचे पाचट पटकन पेटते, म्हणून चूल बाहेर मांडा आणि शेजारी पाण्याची झाकलेली घागर ठेवा. फडात बाळाला सावलीला झोपवताना ट्रॅक्टर मागे येण्याच्या वाटेवर किंवा उसाच्या आडोशाला झोपवू नका, चालकाला ते दिसत नाही. जागा उंच काठीला रंगीत फडके बांधून दाखवा आणि चालकाला तोंडी सांगा. चार-पाच कोयत्यांनी मिळून एका जाणत्या बाईला बाळे सांभाळायला ठेवावे आणि तिची हजेरी सगळ्यांनी मिळून द्यावी. बांगलादेशात गावोगाव दिवसा बाळे सांभाळायची केंद्रे चालवली, तेव्हा लेकरे बुडण्याचे प्रमाण पुष्कळ घटले. सात-आठ वर्षांच्या ताईवर मात्र हे ओझे टाकू नका. तीही लेकरूच आहे आणि तिची जागा शाळेत आहे.

काही झालेच तर

भाजले तर: भाजलेल्या भागावर २० मिनिटे साधे गार पाणी सोडा. बर्फ, टूथपेस्ट, शाई, हळद, तूप काही लावू नका. चिकटलेले कापड ओढू नका. स्वच्छ कापडाने झाकून दवाखान्यात न्या.

विष, पेट्रोल किंवा रॉकेल प्यायले तर: उलटी करायला लावू नका, ते फुप्फुसात जाते. मीठपाणी पाजू नका. बाटली सोबत घेऊन निघा.

घशात अडकले आणि श्वास येत नसेल तर: वर्षाच्या आतल्या बाळाला हातावर पालथे, डोके खाली करून घ्या आणि तळहाताने पाठीवर पाच थापा मारा. मग उताणे करून छातीच्या मधोमध दोन बोटांनी पाच वेळा दाबा. वर्षावरच्या लेकराला पाठीवर पाच थापा, मग मागून धरून बेंबीच्या वर पाच वेळा आत आणि वर दाबा. हेच आलटून पालटून करत राहा. लेकरू खोकत असेल तर खोकू द्या. दिसत नसताना घशात बोट घालू नका.

साप चावला तर: तो भाग हलू देऊ नका. चिरू नका, चोखू नका, घट्ट बांधू नका. सर्पदंशाची लस सरकारी दवाखान्यात फुकट मिळते.

करंट लागला तर: आधी मेन स्विच बंद करा. तो सापडत नसेल तर कोरड्या काठीने लेकराला सोडवा.

रुग्णवाहिकेसाठी १०८ फिरवा, पैसे पडत नाहीत. हा आकडा दारामागे कोळशाने मोठा लिहा, म्हणजे घाबरलेल्या माणसालाही तो दिसेल.

दोष आईचा नाही

लेकराला काही झाले की पहिला शब्द येतो, "आई कुठे होती?" आई पाण्याला गेली होती, खुरपायला गेली होती, भाकरी करत होती. एका बाईचे दोन डोळे चोवीस तास पुरणार नाहीत. दुःखाला कारण असते आणि कारण दूर केले तर दुःख टळते, हे तथागतांनी शिकवले. उघडा हौद हे कारण आहे. विषाची बाटली हे कारण आहे. ते दूर करणे घरातल्या प्रत्येकाचे काम आहे आणि जड काम पुरुषांनी आधी हाती घ्यावे.

येत्या रविवारी विहारात वंदना झाली की दोघा-तिघांनी मिळून वस्तीतली लहान लेकरांची घरे पाहावीत. बाळंतपण झालेल्या घरी आशाताई पहिल्या ४२ दिवसांत अनेक वेळा येते, तिलाही सोबत घ्या. दोष काढायला जाऊ नका. हातोडी, चार खिळे, एक फळी आणि पिंपाचे झाकण घेऊन जा. ज्या घरात कोणी नाही तिथे खुंटी तुम्ही ठोका.

रमाईच्या हाती तेव्हा ना पैसा होता, ना औषध. आपल्या हाती आज निदान हातोडी आणि माहिती आहे.

जय भीम.